बारा कारणं आणि एक फडकं

हँगरमध्ये विमानं दुरुस्त व्हायची आणि त्यासाठी लागणारी हत्यारं आत्याच्या खिडकीतून मिळायची. आत्या तिथं कुणाचीच सख्खी आत्या नव्हती. पण खिडकीपाशी येणाऱ्याकडे ती चष्म्यावरून अशी बघायची, की माणसाला आपल्या वडिलांच्या थोरल्या बहिणीची आठवण व्हायचीच. नाव त्यातूनच पडलं असावं.

मेकॅनिकनं आपल्या नंबरचं पितळी टोकन द्यायचं. आत्या ते खुंटीला अडकवणार आणि खुंटीवरचं हत्यार काढून देणार. काम सुटताना प्रत्येक खुंटीवर एकतर हत्यार दिसलं पाहिजे, नाहीतर टोकन. दोन्ही नसलं, तर ते हत्यार एखाद्या विमानाच्या पोटात राहिलेलं असू शकतं, आणि ते सापडेपर्यंत विमान जागचं हलत नाही. एकदा खुद्द मॅनेजरसाहेब चष्म्याचा स्क्रू पिळायला छोटा स्क्रू ड्रायव्हर मागायला आले होते. आत्यानं त्यांना टोकन आणा म्हणून परत पाठवलं. साहेब आले नाहीत. त्या दिवसापासून ते चष्म्याची दांडी दोऱ्यानं बांधून वापरत.

अशा या हँगरमध्ये बाहेरून तपासणी पथक येणार असल्याचं कळलं आणि वरच्या कार्यालयात धावपळ सुरू झाली. माणसाच्या हातून चुका का होतात आणि त्या कशा टाळाव्यात, याचं प्रशिक्षण दर ठरावीक काळानं सगळ्यांना द्यावं लागतं. निम्म्या लोकांच्या प्रमाणपत्रांची मुदत केव्हाच उलटून गेली होती. ती कुणाच्या चुकीनं उलटली हे विचारायची ती वेळ नव्हती. घाईघाईनं एक प्रशिक्षक ठरवण्यात आले.

हे सर पूर्वी हॉटेलातल्या नोकरांना हसायला शिकवत. मग काही वर्षं त्यांनी बँकेतल्या लोकांना रांगेतल्या गिऱ्हाइकाशी गोड कसं बोलावं ते शिकवलं. विमानांचा त्यांना भरपूर अनुभव होता, म्हणजे ते विमानात पुष्कळदा बसले होते. त्यांच्याकडे एक मोठा रंगीत तक्ता होता. माणसाच्या चुकांची बारा कारणं त्यावर बारा चौकटींत लिहिलेली होती: थकवा, घाई, ताण, गृहीत धरणं, लक्ष विचलित होणं, मोकळेपणानं न बोलणं, अशी. तक्ता लागला त्याच दिवशी पोरांनी सरांचं नाव ‘बारावाजे’ ठेवलं. तक्त्याची एक प्रत आत्याच्या खिडकीच्या काचेवरही चिकटवण्यात आली. त्यामुळे तिला बाहेरचं निम्मं दिसेनासं झालं आणि समोर कोण उभं आहे हे बुटांवरून ओळखावं लागू लागलं.

वर्ग वरच्या बैठकीच्या खोलीत भरे. तिथला एसी बंद करायचं बटण कुणालाच सापडत नसे, म्हणून सगळे जॅकेट घालून बसत. थकवा या विषयावरचं व्याख्यान रात्रपाळी संपवून आलेल्यांना ऐकवण्यात आलं. सरांनी थकलेल्या मेंदूचं रंगीत चित्र दाखवलं आणि डुलक्या घेणाऱ्यांना उभं केलं. घाई हा विषय वेळेअभावी उरकावा लागला. मोकळेपणानं बोलण्यावर सर स्वतःच इतका वेळ बोलले की प्रश्नांना वेळ उरला नाही.

आत्याला खिडकी सोडून जाता येत नव्हतं, म्हणून तिला हजर समजून सही करायला सांगितलं गेलं. ती म्हणाली, “मी नव्हते, तर सही कशी करू?” तेव्हा शेवटच्या दिवशी तिला थोडा वेळ बसवायचं ठरलं. खिडकीवर तेवढ्यापुरता स्वागतकक्षातल्या मुलीला बसवावं, अशी सूचना मॅनेजरसाहेबांनी केली. आत्यानं त्यांच्याकडे चष्म्यावरून बघितलं आणि सूचना बारगळली.

शेवटच्या दिवशी दुपारी सर स्वतः खिडकीपाशी आले. आत्याला आधी चकचकीत बूट दिसले, मग तक्त्याच्या कडेनं डोकावणारा हसरा चेहरा.

“मॅडम, तुमच्याबद्दल फार ऐकलंय,” सर म्हणाले. “सगळे म्हणतात, या हँगरचा कणा कोण असेल तर त्या खिडकीतल्या मॅडम.”

आत्याला इतक्या वर्षांत कुणी कणा म्हटलं नव्हतं. हट्टी म्हटलं होतं, खडूस म्हटलं होतं, पाठीमागे आणखी काय काय म्हटलं असेल ते वेगळंच. तिनं नकळत पदर सारखा केला.

“एक छोटीशी वस्तू हवी होती, वर्गात दाखवायला. तो आरसा दिसतोय ना, तो.”

तो दंतवैद्याकडे असतो तसला, लांब दांडीच्या टोकाला बसवलेला लहान गोल आरसा होता. जिथं डोकं घालता येत नाही अशा कोपऱ्यात तो घालून मेकॅनिक पलीकडची बाजू तपासतात. दांडी मिटली की पेनाएवढी होते.

“टोकन?” आत्यानं सवयीनं विचारलं.

“मी पडलो पाहुणा. माझ्याकडे कुठलं टोकन? आत्ता गेलो नि आत्ता आणून दिला.”

आत्या क्षणभर घुटमळली. मग तिनं आरसा काढून दिला. खुंटी रिकामी राहिली.

वर वर्गात सरांनी आरसा उघडून सगळ्यांपुढे धरला. “जगातल्या निम्म्याहून जास्त चुकांचं कारण मला सापडलंय,” ते म्हणाले. “ते या आरशात दिसतं. बघा आणि पुढे द्या.” आरसा रांगेरांगेनं फिरला. सगळ्यांनी आपापलं तोंड बघून घेतलं. एकानं दातात अडकलेलं काढलं.

लंबू तेव्हा वर्गात नव्हता. लंबू हा हँगरमधला सगळ्यांत उंच आणि सगळ्यांत सावकाश मेकॅनिक. संध्याकाळी जायच्या विमानाच्या शेपटीत तो अर्धा शिरलेला होता. वैमानिकाच्या पायाखालच्या पेडलपासून निघालेली पोलादी दोरी तिथं एका कप्पीवरून पुढे सुकाणूकडे जाते. त्या कप्पीला वंगण देऊन तो आजूबाजूचं पुसत होता. तेवढ्यात खालून मॅनेजरसाहेबांचा आवाज आला.

“लंबू, आधी वर ये. फोटो काढायचाय.”

“साहेब, एवढं झालं की येतो.”

“सगळे थांबलेत. पथकाला फोटोत सगळे दिसायला हवेत. तुझ्याशिवाय मागची रांग बुटकी दिसतेय.”

लंबू बाहेर आला, हात पँटला पुसले आणि वर गेला. त्याच्या कामावर दुसरी नजर टाकून सही करायची ज्या तपासनिसाची जबाबदारी, तोही पहिल्या रांगेत मांडीवर प्रमाणपत्र घेऊन बसला होता. आरसा फिरत फिरत शेवटी लंबूच्या हातात आला. फोटो झाला, टाळ्या झाल्या, चहा-बिस्किटं झाली. लंबू परत विमानाकडे गेला. पेटीतली हत्यारं मोजली, ती बरोबर भरली, म्हणून त्यानं शेपटीची झाकणं लावून टाकली. तपासनिसानं सही केली. सर टॅक्सीनं शेजारच्या विमानतळाच्या इमारतीत गेले, कारण त्यांना त्याच विमानानं परत जायचं होतं.

संध्याकाळी आत्यानं खुंट्या तपासल्या. आरशाच्या खुंटीवर आरसा नव्हता आणि टोकनही नव्हतं. ती तडक वर गेली. खोलीत रिकामे कप, बिस्किटांचा चुरा आणि थंडी एवढंच उरलं होतं. तिनं सरांना फोन लावला.

“दिला की मॅडम,” सर म्हणाले. “त्या उंच माणसाच्या हातात दिला. मला पक्कं आठवतंय.”

तिनं लंबूला गाठलं. “मी त्यांना परत दिला,” लंबू म्हणाला. “असं वाटतंय. फोटोच्या गडबडीत... दिलाच असणार.”

“दिलाच असणार म्हणजे? दिलास का?”

लंबूनं मान खाजवली. त्यालाच खात्री नव्हती, आणि फोटोनंतर तो सरळ विमानाच्या शेपटीत शिरला होता.

आत्याच्या कपाटात तसलाच दुसरा आरसा होता. तो खुंटीला अडकवला असता तर कुणाला कधी पत्ता लागला नसता. तो विचार तिच्या मनात आला, आणि आला म्हणून तिचा तिलाच राग आला. ती मॅनेजरसाहेबांच्या खोलीत गेली.

“साहेब, विमान थांबवा. एक आरसा हरवलाय.”

साहेबांनी दोऱ्यानं बांधलेला चष्मा काढून टेबलावर ठेवला. “आत्या, लोक बसायची वेळ झालीय. जादाचा आरसा असेल ना तुमच्याकडे?”

“आहे.”

“मग तो टांगा. हा सापडेल सावकाश.”

“कुठं सापडेल? हवेत?”

“टोकन कुणाचं होतं?”

“कुणाचंच नाही. मी टोकनाशिवाय दिला. त्या सरांना.”

आत्याच्या हातून असं होईल हे साहेबांनी स्वप्नातही बघितलं नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावर थोडं समाधानही उमटून गेलं, पण ते त्यांनी लगेच आवरलं.

“तुम्ही आजच शिकलात ना, की गृहीत धरून चालू नये,” आत्या म्हणाली. “फोटोत तुम्ही मधोमध आहात.”

विमान थांबलं. लंबू आणि आणखी चौघे शेपटीची झाकणं पुन्हा उघडायला लागले. शेजारच्या इमारतीत प्रवाशांना तांत्रिक कारण सांगण्यात आलं. सरांनी ते ऐकलं आणि मॅनेजरसाहेबांना फोन केला. उद्या सकाळी त्यांचा दुसऱ्या गावी वर्ग होता. विषय होता वेळेचं नियोजन.

“आरशासाठी विमान थांबवलंय?” सर फोनवर म्हणाले. “मी इतके दिवस घसा फोडून शिकवलं, आणि तुमची माणसं पहिल्याच संध्याकाळी वस्तू हरवतात?”

आत्या शेजारीच उभी होती. “चला साहेब,” ती म्हणाली. “फोनवर नको. त्यांना समोरासमोर विचारू.”

दोघं पायीच गेले. प्रतीक्षागृहात लोक खुर्च्यांवर आडवेतिडवे पसरले होते. सर काउंटरपाशी होते आणि तिथल्या मुलीकडे तक्रारवही मागत होते. त्यांचा आवाज चढला होता आणि हसू कुठंतरी गळून पडलं होतं.

“मी साधा प्रवासी नाही,” ते मुलीला सांगत होते. “सुरक्षितता हाच माझा विषय आहे. मला हे लेखी द्यायचंय.”

मुलीनं वही पुढे सरकवली. सरांनी वही उघडली, कोटाच्या आतल्या खिशात हात घातला, पेन काढलं आणि लिहायला टेकवलं. कागदावर काही उमटेना. त्यांनी हात झटकून पुन्हा टेकवलं. मग मुलगीच म्हणाली, “सर, ते पेन नाही वाटतं.”

मिटलेल्या दांडीच्या टोकाला लहान गोल आरसा होता.

मॅनेजरसाहेब छताकडे बघत राहिले. सरांनी आरशाकडे बघितलं, आत्याकडे बघितलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हॉटेलातलं जुनं हसू परत आलं.

“बघा,” ते म्हणाले. “हेच मी शिकवत होतो. चौकट पाचवी. लक्ष विचलित होणं. कुणाच्याही बाबतीत घडू शकतं.”

आत्यानं हात पुढे केला. सरांनी आरसा तिच्या हातात ठेवला. तिला पुष्कळ बोलायचं होतं, पण टोकनाशिवाय दिला तिनंच होता.

साहेबांनी हँगरमध्ये फोन करून सांगितलं की आरसा सापडला, झाकणं लावा. पलीकडून लंबू म्हणाला, “साहेब, तुम्ही आधी इकडे या.”

ते परतले तेव्हा लंबू शिडीच्या पायथ्याशी बसला होता. त्याच्या हातात वंगणानं काळं झालेलं एक फडकं होतं.

“कप्पीच्या शेजारी होतं,” तो म्हणाला. “दोरी आणि कप्पीच्या मध्ये ओढलं गेलं असतं तर पेडल अडकलं असतं. वर गेल्यावर.”

“कुणाचं?” साहेबांनी विचारलं.

“माझंच. तुम्ही फोटोला बोलावलंत तेव्हा हातात होतं. परत आलो, हत्यारं मोजली, सगळी होती. फडकी कोण मोजतं?”

लंबू सावकाश बोलणारा माणूस, पण हे त्यानं एका दमात सांगितलं. तपासनीस थोडा दूर उभा राहून स्वतःच्या बुटांकडे बघत होता. साहेबांनी ते फडकं दोन बोटांत धरलं आणि कचऱ्याच्या डब्याकडे निघाले. आत्यानं वाटेत ते त्यांच्या हातून काढून घेतलं.

विमान उशिरा गेलं. सर त्यातून गेले. फडक्याबद्दल त्यांना कुणी सांगितलं नाही.

मग चौकशी झाली. कुणालाही दोष द्यायचा नाही, फक्त शिकायचं, असं आधीच जाहीर झालं होतं. त्या धोरणाला धरून अहवालात सरांचं नाव आलं नाही आणि मॅनेजरसाहेबांचंही आलं नाही. फोटो मात्र अहवालाला जोडला होता, सगळे प्रशिक्षित असल्याचा पुरावा म्हणून. आत्याला लेखी ताकीद मिळाली. “हा दोष नाही हं आत्या,” साहेब म्हणाले, “ही शिकण्याची संधी आहे.” फडक्याचा उल्लेख ‘इतर किरकोळ बाबी’ या मथळ्याखाली एका ओळीत होता, झाडलोट सुधारावी या सूचनेच्या खाली. प्रशिक्षणामुळेच कर्मचारी सतर्क झाले आणि विमान वेळीच थांबवलं गेलं, असा निष्कर्ष निघाला. पुढच्या प्रशिक्षणाला तिथंच मंजुरी मिळाली.

घरी आत्याचा नवरा शिलाई मशीनवर बसलेला असायचा. तो शिंपी होता आणि बोलताना त्याच्या ओठांत टाचण्या असत, त्यामुळे तो मोजकंच बोले.

“ताकिदीचं मला काही नाही,” आत्या त्याला म्हणाली. “चूक केली, मिळाली. पण अहो, तो मला कणा म्हणाला आणि मी भुलले. एवढ्यावर. या वयात.”

नवऱ्यानं टाचण्या काढून ठेवल्या. “मी कधी म्हटलं नाही म्हणून असेल,” तो म्हणाला.

“तुम्ही म्हटलं असतं तर मी विचारलं असतं, काय पाहिजे म्हणून.”

तो हसला, तशी तीही हसली. मग तिनं पिशवीतून ते काळं फडकं काढून टेबलावर ठेवलं आणि त्याला समजावून सांगितलं की कापडाचा असला रंग विमानाच्या पोटात दिसत नाही. लाल दिसेल. त्यानं कापडाच्या कडेवरून बोट फिरवलं आणि याला दुहेरी शिवण लागेल, नाहीतर धागे सुटतील, असं म्हणाला. दुसऱ्या आठवड्यात आत्याच्या खिडकीत लाल कडेची फडकी आली. प्रत्येकावर नंबर. एक न्यायचं तर टोकन द्यायचं. मॅनेजरसाहेबांनी हा अतिरेक असल्याचं सांगितलं, लेखी परवानगी आहे का असं विचारलं, आणि आत्यानं परवानगीचा अर्ज कुणाकडे करायचा असं विचारल्यावर ते फोन घ्यायला निघून गेले. पोरांनी चार दिवस चेष्टा केली. लंबूनं केली नाही. तो रोज पहिला येऊन फडकं नेई आणि शेवटी स्वतः मोजून परत देई.

काही महिन्यांनी सर पुन्हा आले. या खेपेला आत्यालाही पहिल्या रांगेत बसवलं होतं. वर तशीच थंडी होती. सरांनी सुरुवातीलाच एक खरी घडलेली गोष्ट सांगायला घेतली. एका हँगरमध्ये एका भांडारातल्या बाईनं नियम मोडून एक आरसा दिला, तो हरवला, सगळे गोंधळले, आणि शेवटी एका जागरूक प्रवाशाच्या लक्षात येऊन तो सापडला.

मागून कुणीतरी खोकलं. आत्या उठून उभी राहिली.

“बाई मीच,” ती म्हणाली. “नियम मोडला हे खरं. जागरूक प्रवासी तुम्ही. तुम्ही आमच्याविरुद्ध तक्रार लिहीत होतात त्या आरशानं. हे सगळं ठीक आहे. पण फडकं कुठं गेलं?”

“कुठलं फडकं?” सरांनी विचारलं. त्यांना खरंच माहीत नव्हतं.

मॅनेजरसाहेब घसा साफ करू लागले. लंबू उठला आणि सावकाश, एकही गोष्ट न गाळता, त्यानं सगळं सांगितलं: कप्पी, वंगण, खालून आलेली हाक, फोटो, मोजलेली हत्यारं, न मोजलेलं फडकं. खोलीत त्या वेळी कुणी डुलकी घेत नव्हतं.

“म्हणजे मी त्या विमानात...” एवढंच सर म्हणाले आणि खाली बसले. आत्याला वाटलं, आता हा माणूस काहीतरी खरं बोलेल. पण सरांनी पाणी प्यायलं, चेहरा सारखा केला आणि ते तक्त्याकडे वळले.

“उत्तम उदाहरण आहे,” ते म्हणाले. “आता सांगा, हे बारापैकी कुठल्या चौकटीत बसेल?”

“घाई,” कुणीतरी म्हणालं. दुसरा म्हणाला, लक्ष विचलित होणं. मॅनेजरसाहेबांच्या मते हा मेकॅनिकचा वैयक्तिक ताण होता. तपासनिसानं गृहीत धरण्याच्या बाजूनं मत दिलं.

“मला वर्गाला बोलावलं होतं,” लंबू म्हणाला. “त्याची चौकट कुठंय?”

त्यावर सरांनी सगळ्यांचे गट पाडले आणि प्रत्येक गटाला एक रंगीत पेन आणि मोठा कागद दिला. वाद रंगला. चहा आला तरी कुणी उठेना. आत्यानं घड्याळाकडे पाहिलं. दुपारची पाळी खाली कामाला लागली असणार आणि खिडकी बंद होती. तिनं हजेरीच्या कागदावर जेवढा वेळ बसली होती तेवढाच लिहून सही केली, आणि सरांनी मागून हाक मारली तरी न थांबता जिना उतरून गेली. खिडकीपाशी तिघेजण हातात टोकनं घेऊन उभे होते.